उंबऱ्याअलीकडच्या फेऱ्या

जळगाव, १८ नोव्हेंबर १९९१

चि. लोटन यास,

अक्काचे आशीर्वाद. तुला नको असतील तर तुझ्या बायकोला, शेवंताला दे, वाया जायला नकोत.

तुला पत्र लिहू नये असं यांचं म्हणणं. मी म्हटलं, बंदी उंबऱ्याची आहे, पोस्टाची नाही. म्हणून लिहायला बसले.

यांची तब्येत आता बरी आहे. दसऱ्यानंतर छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात ठेवावं लागलं, दिवाळीच्या तोंडावर घरी आणलं. तू आला नाहीस. नशिराबादहून भाजी विकायला येणारी बेबाबाई सांगत होती की तू दवाखान्याच्या फाटकापर्यंत आला होतास, समोरच्या टपरीवर चहा घेतलास आणि तसाच परत गेलास. खरं असेल तर तुझ्यासारखा तूच.

चारधामचं सगळं ठरलेलं होतं, ते रद्द झालं. डॉक्टर म्हणाले, चढ नको, लांबचा प्रवास नको, थोडं चाला आणि मोकळ्या हवेत शांत बसा. हे दोन दिवस रुसून बसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तीस वर्षं स्टँडवर उभं राहून लोकांना शिर्डी-वणीच्या गाड्या लावून दिल्या, आणि मेहरूणचा तलाव शेवटचा कधी पाहिला ते मला सांगता येत नाही." मग कागद घेऊन बसले. एस.टी. कंट्रोलरची जात, नियम केल्याशिवाय जेवण पचत नाही. दर रविवारी एक फेरी. जायचं एकाच जागी, डबा घरचा, मनगटावर घड्याळ नाही, दिवेलागणीच्या आत घरी. आणि पोचल्यावर थोडा वेळ कुणी बोलायचं नाही, नुसतं बघायचं आणि ऐकायचं. मी म्हटलं, बायकोला गप्प बसवायला एवढा आजार काढावा लागला होय?

काल पहिली फेरी मेहरूणची झाली. तलावाच्या काठी बसलो. खरं सांगते, मला पहिल्यांदा हसूच येत होतं. मग एकेक ऐकू यायला लागलं. पलीकडे कुणी धुणं बडवत होतं, बोरीखाली पोरांची भांडणं चालली होती. नंतर बोरं घेतली, आणि पहिलंच बोर तोंडात टाकलं तर माय आठवली. ती जळगावच्या बाजाराला आली की पदरात बोरं बांधून आणायची आणि तुला-मला मोजून द्यायची, तरी तू रडायचास. मला पुढचं बोर गिळेना.

लोटन, दोन वर्षं आखाजीच्या सणाला तुझ्याकडून मुराळी आला नाही. लेकीला न्यायला माणूस आल्याशिवाय तिनं माहेरचा रस्ता धरायचा नाही, ही आपल्याकडची रीत. पण नुसती रीत असती तर मी ती कधीच मोडली असती. तू जे बोललास ते मोडता येत नाही. तुझी वैजयंता माझी भाची, तिला सून करून घ्यायचा पहिला हक्क माझा, हे मला ठाऊक होतं आणि मनातही होतं. पण माझ्या लीलाधरनं नाशकात आपलं आपण जमवलं. एवढ्या मोठ्या पोराला मी काय दावं लावून आणणार होते? त्यावर तू ओट्यावर चार भाऊबंदांसमोर म्हणालास, "अक्का, मी बोलावल्याबिगर ह्या घराचा उंबरा चढशीन, तं तुले मायची आन हाये."

हे हसतात. म्हणतात, आण घातल्यानं कुणी मरत नाही. माझ्या जिवाची असती तर मीही हसले असते. मायच्या जिवावर करून कोण बघेल? आणि घातली त्यानंच सोडायची, दुसऱ्याच्या तोंडून ती सुटत नाही, हे तू आणि मी लहानपणापासून पाळत आलो. दोन शब्द म्हणायचे आहेत तुला. आण सुटली. एवढंच.

तुला ते जमणार नसेल तर दुसरं सुचवते. उंबरा मला बंद आहे, शिवार बंद नाही. डिसेंबरात यांच्या मित्राच्या शेतावर भरताचा बेत आहे, नशिराबादच्या अलीकडे, तुझ्या केळीच्या बागेपासून हाकेच्या अंतरावर. पंधरा तारखेच्या रविवारी मायला बैलगाडीत घालून तिथवर आण. मी तिला बघीन आणि परत येईन.

अक्का

जळगाव, १६ डिसेंबर १९९१

चि. लोटन यास आशीर्वाद.

तू मायला आणलं नाहीस.

भरीत छान झालं. हिरवी वांगी कापसाच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजली, उखळीत ठेचली, कांद्याची पात, दाणे, सगळं मापात. यांनी तिथेही सगळ्यांना गप्प बसवलं. बाकीची मंडळी कंटाळून उठली, आम्ही दोघं बांधावर बसून राहिलो. तुझ्या विहिरीवरच्या मोटारीचा आवाज येत होता. पाणी पाटात पडल्याचाही. मी रस्त्याकडे बघत होते, ऐकत काहीच नव्हते, हे यांना कळलं.

दुपारी बेबाबाई आली, डोक्यावर टोपली. शेवंतानं ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी पाठवल्या होत्या. तिला रागावू नकोस, ती तुझ्यापेक्षा शहाणी आहे. त्यातली एक भाकर वेडीवाकडी, एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला करपलेली. मी विचारलं, ही कुणी थापली? बेबाबाई म्हणाली, म्हातारी सकाळीच चुलीपुढे येऊन बसली, कुणाचं ऐकेना. तिला आता नीट दिसत नाही ना रे? मोतीबिंदू पिकला म्हणतात. ऑपरेशनचं का काढत नाहीस?

ती भाकर मी तिथे खाल्ली नाही. घरी आणली आणि संध्याकाळी कोरडीच खाल्ली. हे शेजारी बसून होते.

तुला राग कशाचा आहे तेवढं तरी कळव. वैजयंता चांगली पोरगी आहे, तिला माझ्या घरापेक्षा चांगलं घर मिळेल. तुझा शब्द पडला म्हणून राग, की मी तुला न विचारता लीलाधरला हो म्हटलं म्हणून? जो असेल तो माझ्यावर काढ. मायला मध्ये ठेवू नकोस.

अक्का

जळगाव, २० जानेवारी १९९२

चि. लोटन यास,

संक्रांत झाली. तिळगूळ बेबाबाईकडे दिला आहे. गोड बोलायचं तुझ्यावर सोपवते.

काल मी मायला पाहिलं.

वाघूर नदीवर जायचं ठरलं होतं, भुसावळच्या गाडीनं, पुलापाशी उतरून. गाडी नशिराबादमधून जाणार हे मला माहीत होतं आणि यांनाही. यांनी मला मुद्दाम डावीकडची खिडकी दिली. आपलं घर रस्त्याला लागून, त्यामुळे स्टॉपवर गाडी थांबली की ओटा समोरच येतो. माय ओट्यावर भिंतीला टेकून उन्हात बसली होती. हिरवं लुगडं. किती लहान झाली रे ती. कंडक्टर उतारूंना हाका मारत होता, हे माझ्या कानाशी म्हणाले, उतर. मी उतरले नाही. गाडी सुटली तेव्हा मी खिडकीतून हाक मारली, पण इंजिनाच्या आवाजात माझीच हाक मला ऐकू आली नाही.

नदीवर बसलो. यांनी पाण्याकडे बघायला सांगितलं. मी रडत होते. मग ते म्हणाले, "ओटा उंबऱ्याच्या बाहेर असतो, कुंदे." रात्रीपर्यंत आमचा तोच वाद. हे म्हणतात, उंबरा म्हणजे दाराची पट्टी, तिच्या अलीकडचं सगळं मोकळं. मी म्हणते, लोटन बोलला तेव्हा आम्ही सगळे ओट्यावरच होतो, त्याच्या मनात ओटा धरून असेल तर? मन तुझं, तूच सांग. ओटा तुझ्या आणेत येतो की नाही? दगडाच्या एका पायरीसाठी मी तुला पत्र लिहिते आहे, याची मला लाज वाटते.

येत्या रविवारी, सव्वीस तारखेला, आम्ही त्याच गाडीनं पुन्हा वाघूरला जाणार. मायला ओट्यावर बसव आणि सांग की कुंदा खिडकीतून बघणार आहे. हात वर कर म्हणावं. तिला मी दिसणार नाही, पण मला तिचा हात दिसेल.

अक्का

जळगाव, ३ फेब्रुवारी १९९२

लोटन,

सव्वीसला ओटा रिकामा होता. ओट्याखाली माणसं जमली होती, मला वाटलं काही भांडण असेल. गाडी थांबली आणि गेली. मी तुला मनात खूप शिव्या दिल्या, की एवढंही केलं नाही.

काल बेबाबाईकडून कळलं. तू केलं होतंस. तूच मायला ओट्यावर नेऊन बसवलंस, हिरवं लुगडं नेसवायला शेवंताला तूच सांगितलंस. ती सकाळपासून प्रत्येक गाडीला हात वर करत होती. मग तिच्या मनानं घेतलं की ओट्यावरून आपण कुंदीला दिसणार नाही, आणि रस्त्यावर जाऊन उभं राहायला म्हणून ती एकटीच पायरी उतरली. खुबा मोडला. आमची गाडी आली तेव्हा ती माणसांच्या मध्ये खाली पडलेली होती, आणि मी खिडकीत बसून तिच्या शेजारून निघून गेले.

आता मला कुणाला विचारायचं नाही. येत्या रविवारी आम्ही तुझ्या ओट्यावर येतो. उंबरा चढणार नाही. ओटा तुझ्या आणेत येत असेल तर रविवारच्या आत कळव. नाही कळवलंस तर मी बसणार.

अक्का

जळगाव, १० फेब्रुवारी १९९२

लोटन,

काल जे झालं त्यातलं अर्धं तू पाहिलंस. उरलेलं मी लिहिते, कारण ते तुला कुणी सांगणार नाही.

आम्ही आलो तेव्हा तू मळ्यात होतास. शेवंतानं ओट्यावर घोंगडी टाकली. मला वाटलं होतं, मायची खाट दारापर्यंत आणता येईल. शेवंता म्हणाली, पायाला विटांचं वजन लावलंय, डॉक्टरनं तसूभर हलवू नका म्हणून बजावलंय. खाट मधल्या घरात, दाराच्या आडोशाला. म्हणजे ती भिंतीच्या त्या बाजूला आणि मी या बाजूला.

यांना कुठली आण? हे चपला काढून आत गेले. बराच वेळ आत होते. बाहेर येऊन माझ्याजवळ बसले आणि सगळ्या फेऱ्यांमध्ये शिकले होते तसं एकेक सांगायला लागले. केस विंचरलेले आहेत. वेणी बारीक, करंगळीएवढी. डोळे उघडे आहेत, उजवा जास्त पांढरा झालाय. उशाशी तांब्या, त्यावर वाटी. गोधडी तीच, कुंदे, तुझ्या लग्नाच्या लुगड्याची. म्हणाले, माझा हात धरला आणि सोडीना, माझ्या हाताचा वास घेतला. मी त्यांचा हात घेऊन नाकाला लावला. त्याला तेलाचा वास होता, आपल्या मायच्या डोक्याचा.

मग मी हाक मारली. ती म्हणाली, "कुंदे, उनात बसेल हाये का?" मी म्हटलं, नाही गं, सावली आहे. ती म्हणाली, "भाकर खाल्ली का?" मी हो म्हटलं. मग मला राहवलं नाही. मी उठले आणि म्हटलं, माय, मी आत येते, काय व्हायचं ते होऊ दे.

ती काय बोलली ते ऐक. "नको येऊ. मले मरनाचं भेव नही. पन उद्या मी मेली तं लोक म्हनतीन, लेकीनं उंबरा चढला अन् माय गेली. तुह्या माथी नको घेऊ. तठीच बस अन् बोल, मी आयकते."

माझा एक पाय उचललेला होता. तो मी खाली ठेवला.

मग आम्ही बोललो. काही मोठं नाही रे. लीलाधरची बायको स्वयंपाक कशी करते, यांचं पथ्य काय, मेहरूणची बोरं यंदा कशी आहेत. ती म्हणाली, तुम्ही दर रविवारी जाता कुठे? मी तिला तलाव सांगितला, शेत सांगितलं, वाघूरचं पाणी सांगितलं. ती म्हणाली, "मले बी ने एखांद्या बारी." मी म्हटलं, नेईन. पाय बरा झाला की नेईन.

तेवढ्यात तू आलास. हे तू पाहिलंस, तरी लिहिते. मायला तुझ्या पावलांचा आवाज कळला. ती आतून म्हणाली, "लोटन, सुटली म्हन नं बाबा." तू दारात उभा राहिलास, एक पाय आत आणि एक बाहेर. तुझ्या गळ्याची शीर ताठ झाली. लहानपणी रडू दाबताना व्हायची तशी. गल्लीतली माणसं जमली होती, ज्यांच्यासमोर तू आण घातली होतीस तेही त्यांच्यात होते. मला वाटलं, आता म्हणतोस. शपथेवर सांगते, मला तुझ्या ओठांवर ते दिसलं. आणि तू वळून गोठ्यात गेलास.

ऊन उतरलं. यांनी माझ्या खांद्याला हात लावला, दिवेलागणीच्या आत घरी पोचायचं होतं. मी म्हटलं, माय, येते. ती आतून म्हणाली, येजो.

अक्का

जळगाव, २४ फेब्रुवारी १९९२

लोटन,

मागच्या दोन्ही रविवारी आम्ही आलो, तुला माहीत आहे. तू दोन्ही वेळा मळ्यात होतास. तिचा आवाज फार बारीक झाला आहे. काल-परवापासून अन्न घेत नाही म्हणतात. मला भिंतीला कान लावावा लागतो.

तुला चारचौघांत म्हणायला जमत नसेल तर नको म्हणूस. एकटा असताना म्हण. मळ्यात, विहिरीवर, कुणी नसताना म्हण आणि मला एक कार्ड टाक. मी कुणाला सांगणार नाही तू आधी वाकलास म्हणून. मीच पाया पडले असं सांगेन. तू सांगशील ते सांगेन.

ती माझी आहे तेवढीच तुझी आहे. तू रोज तिला पाणी पाजतोस, मला शेवंता सांगते. माझ्याही हातून एक घोट जाऊ दे.

अक्का

जळगाव, २० एप्रिल १९९२

चि. लोटन यास आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. इतक्या वर्षांत तुझ्या अक्षरातलं पहिलं. यांनी वाचून दाखवलं, मला वाचता येईना.

होळीच्या आदल्या पहाटे तू फटफटी घेऊन दारात आलास तेव्हाच मला कळलं होतं. तू गाडी बंदही केली नाहीस. यांनी दार उघडलं, तू आत आला नाहीस, तिथूनच म्हणालास, "अक्का, चाल. आन सुटली."

मी तुझ्यामागे बसले. नशिराबादपर्यंत तुझी पाठ हलत होती आणि मी तुझ्या खांद्याला धरलं होतं, मला हाताला सगळं कळत होतं. पोचलो तेव्हा बायकांनी वाट दिली. मी उंबरा चढले. काही झालं नाही. होण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

शेवंतानं मला दहाव्यानंतर एक गोष्ट सांगितली, ती तुलाही माहीत असेल. शेवटच्या रविवारी मी ओट्यावरून उठले, तेव्हा मायनं तिला जवळ बोलावून विचारलं, कुंदी गेली का? गेली म्हटल्यावर म्हणाली, मग आता वजन काढ, पाय लई दुखतो. मी बसले होते तोवर तिनं हूं की चूं केलं नव्हतं, आणि मी आपली बाहेर बसून तिला वाघूरच्या पाण्याचं वर्णन सांगत होते.

मला तुझा राग आहे. तो जाईल असं मी तुला लिहिणार नाही, खोटं होईल. रात्री जाग येते आणि मी तुझ्याशी भांडते. मग तू पाठमोरा दिसतोस, फटफटीवरचा, आणि मी भांडायची थांबते. तुझ्याही घशात ते दोन शब्द महिनाभर अडकले होते, आणि बाहेर पडले तेव्हा ऐकायला ती नव्हती. हे तुला जन्मभर पुरेल. त्यात मी भर घालत नाही.

हे अजून रविवारी तयार होऊन बसतात. मी म्हणते, आज नको. मग ते गच्चीवर खुर्ची टाकून एकटेच बसतात.

तू लिहितोस की या आखाजीला पितरांच्या घागरींत मायच्या नावाची पहिली घागर भरायची आहे आणि ती लेकीशिवाय कशी भरायची, आणि मुराळी म्हणून तू स्वतः येणार. ये. मी येईन. वैजयंताला सांग, तिच्यासाठी सांजोऱ्या करून आणते.

एकच मागणं आहे. आपण पोचलो की शेवंता रीतीप्रमाणे भाकरतुकडा आणि पाणी घेऊन दारात येईल, आणि ती ओवाळून टाकेपर्यंत मला बाहेर थांबावं लागेल. तिला आधीच सांगून ठेव, या वेळी ओवाळू नको. माझी दृष्ट काढू नका, मला सरळ आत येऊ द्या. त्या दारात माझं थांबून झालं आहे.

तुझी अक्का